खत कमी केलं तरी नदीतला फॉस्फरस कमी का होत नाही?

मला आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. एका तलावाचं पाणलोट क्षेत्र, जवळपास सगळी शेती, थोडी गावं. खत, पशुखाद्य, सांडपाणी असं सगळं धरून वर्षाला किती फॉस्फरस आत येतो ते काढलं, नदी तलावाला मिळते तिथं किती बाहेर पडतो तेही काढलं, आणि आकडा आला ४ टक्के. शिवाय दहा वर्षांत खताचा वापर चांगलाच घटलाय पण नदीतला लोड, म्हणजे नदी वाहून नेते तो एकूण फॉस्फरस, घटायचं नाव नाही, उलट थोडा वाढलाय. लोडसाठी महिन्यातून एक सॅम्पल घेतात. मग गणित चुकलं की थिअरी, आणि उपाय काय?

बहुतेक थोडं गणित चुकलंय आणि थिअरी अर्धीच धरलीये. एकेक घेऊ.

४ टक्के बघून दचकू नका. फॉस्फरसचा स्वभावच तसा आहे, तो मातीतल्या लोह-ॲल्युमिनियमला धरून बसतो, चुनखडीच्या जमिनीत कॅल्शियमला, त्यामुळे पाणलोटात आलेल्यापैकी नदीतून निघणारा हिस्सा बऱ्याच ठिकाणी एक आकडीच असतो. नायट्रोजनची सवय असलेल्या माणसाला हे विचित्र वाटतं कारण तिथं साधारण पाव हिस्सा नदीत दिसतो. पण तुमचे ४ खरोखर ४ आहेत का, ते आधी बघा.

पहिली तपासणी युनिटची. खताच्या विक्रीचे आकडे पी-टू-ओ-फाइव्हमध्ये, म्हणजे फॉस्फरसच्या ऑक्साइडमध्ये असतात आणि लॅबचा रिपोर्ट निव्वळ फॉस्फरसमध्ये. पी-टू-ओ-फाइव्हला ०.४३६ ने गुणलं की फॉस्फरस येतो. डीएपी खतावर हा ४६ टक्के लिहिलेला असतो म्हणजे १०० किलो डीएपीत फॉस्फरस २० किलोच. तुम्ही भागाकारातला वरचा आकडा (नदीतून गेलेला) फॉस्फरसमध्ये आणि खालचा (आत आलेला) पी-टू-ओ-फाइव्हमध्ये ठेवला असेल तर तुमचे ४ टक्के प्रत्यक्षात ९ च्या पुढे जातात, आणि ही गोष्ट चांगल्या चांगल्या रिपोर्टमध्ये राहून गेलेली असते.

दुसरी तपासणी शेणखताची. शेणखत हा पाणलोटाच्या दृष्टीने नवीन इनपुट नाही, जनावरांनी त्याच पाणलोटातला चारा आणि धान्य खाल्लं असेल तर तो फॉस्फरस आतल्या आत फिरतोय. नवीन काय, तर बाहेरून आलेलं पशुखाद्य. म्हणून निव्वळ हिशोब मांडताना जनावरांच्या आणि माणसांच्या खाण्यातला एकूण फॉस्फरस घ्यायचा, त्यातून पाणलोटात पिकलेलं वजा करायचं, उरलं ते बाहेरून आलेलं. उत्तर उणे आलं तर तेवढं धान्यावाटे बाहेर गेलं. त्यात खत मिळवा, डिटर्जंटचा फॉस्फरस मिळवा. तुम्ही खत अधिक पशुखाद्य अधिक शेणखत असं सगळं बेरजेत घातलं असेल तर एकच फॉस्फरस दोनदा मोजला गेलाय. आणि सांडपाणीही वेगळं मिळवू नका, माणसांच्या खाण्यात ते आलेलंच आहे. विक्रीचे आकडे प्रशासकीय हद्दीचे असतात, पाणलोटाची हद्द ती नसते, तर नुसत्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात वाटणी करण्यापेक्षा लागवडीखालच्या क्षेत्राच्या प्रमाणात करा, फरक पडतो.

आता मुख्य मुद्दा. हे टक्के काढून थांबणं हीच मुळात गडबड आहे असं माझं मत आहे, कारण ह्या वर्षी नदीत आलेला फॉस्फरस हा ह्या वर्षी टाकलेल्याचा हिस्सा नसतोच, निदान मोठा भाग तरी नसतो. एक हेक्टर घेऊन बघा. वरचा २० सेंटीमीटरचा थर म्हणजे अंदाजे २६०० टन माती. मातीत एकूण फॉस्फरस किलोला ७०० मिलिग्रॅम धरला, जो काही फार नाही, तर त्या एका हेक्टरात १८०० किलो फॉस्फरस आधीच पडलेला आहे. वर्षाला तुम्ही ३० किलो टाकता, मक्याचं १० टनाचं पीक निघालं तर दाण्यातून २५-३० किलो बाहेर जातो, आणि नदीला जातो एखादा किलो. शेतकऱ्याच्या हिशोबात हा एक किलो कुठेच नाही, खताच्या खर्चात तो जाणवणारही नाही. पण तोच एक किलो पाण्यात बघा. हेक्टरवरून वर्षाला ३०० मिलिमीटर पाणी वाहून गेलं तर ते झालं ३००० घनमीटर, म्हणजे लिटरला ३३० मायक्रोग्रॅम. तलावात ३०-३५ मायक्रोग्रॅमच्या पुढे गेलं की शेवाळाचे दिवस सुरू होतात. शेतीच्या दृष्टीने नगण्य आणि तलावाच्या दृष्टीने दहापट, सगळं भांडण इथंच आहे. म्हणूनच 'आम्ही खत वाया घालवतच नाही' हे शेतकऱ्याचं म्हणणं आणि 'तलाव खतामुळे हिरवा झाला' हे तलाववाल्यांचं म्हणणं, दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं.

म्हणजे तीन आकडे वेगळे ठेवायचे : दरवर्षी आत येणारा, मातीत साठलेला, आणि नदीतून जाणारा. नदी व्याज देते, मुद्दल जमिनीत पडून असतं. तुमच्याकडे खत घटलं म्हणता, पण घटून ते पिकाच्या उचलीच्या खाली गेलं का? आधी हेक्टरी १५ किलो शिल्लक राहत होती आणि आता ५ राहते, तर साठा कमी झालेला नाही, वाढायचा वेग कमी झालाय फक्त. ही एक ओळ तुमच्या टेबलात नाहीये आणि तीच सगळ्यात महत्त्वाची आहे. शक्य असेल तितक्या मागे जाऊन दरवर्षीची शिल्लक काढा आणि बेरीज करत या. मग दिसेल की साठ्याचा आलेख अजून चढाच आहे.

हा साठा किती झाला की नदीत जाणवायला लागतं यावर कॅनडातल्या सेंट लॉरेन्स खोऱ्यात छान काम झालंय, २३ पाणलोटांचा १९०१ पासून २०११ पर्यंतचा हिशोब मांडला, आणि अशा शिलकीची बेरीज चौरस किलोमीटरला साधारण २.१ टन फॉस्फरस झाली की तिथून पुढे नदीतलं प्रमाण झपाट्याने चढतं असं दिसलं. २.१ टन ऐकायला मोठं वाटतं पण हेक्टरी ते फक्त २१ किलो होतात, म्हणजे जेमतेम १०० किलो डीएपीतला फॉस्फरस पिकाने न उचलता मागे राहिला की झालं. आणि परत पहिल्या पातळीला यायला काही ठिकाणी शतकं लागतील असा त्यांचा अंदाज. अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या मेंडोटा तलावाच्या अभ्यासातूनही हाच सूर निघतो. हा २.१ चा आकडा मात्र तुमच्या पाणलोटाला जसाच्या तसा लावू नका, तो तिथल्या मातीचा, तिथल्या पावसाचा आहे.

आता उलटी बाजू, कारण साठ्याची ही गोष्ट कळली की लोक तिचा सोयीस्कर वापर करतात. 'सगळं जुन्या लोकांनी टाकलेलं आहे, आता आम्ही काय करणार' असं बोलून मोकळे होतात. तसं नाहीये. ईरी तलावाचं उदाहरण नीट बघण्यासारखं आहे कारण त्यात दोन्ही गोष्टी दिसतात आणि तुमच्यासारखाच प्रश्न तिथंही पडलेला.

अमेरिका-कॅनडाच्या सीमेवरचा हा तलाव १९६०-७० च्या दशकात 'मेला' म्हणून बदनाम झाला होता. १९७२ मध्ये दोन देशांचा करार झाला, सांडपाण्याचे प्लांट सुधारले, डिटर्जंटमधला फॉस्फेट काढला, वर्षाला ११,००० टनांचं टार्गेट ठरलं आणि १९८० च्या दशकात ते गाठलंही. सगळे खूश. मग १९९० च्या दशकाच्या मध्यापासून ईरीला मिळणाऱ्या मॉमी नदीत एक वेगळीच गोष्ट सुरू झाली, एकूण फॉस्फरस होता तिथंच पण विरघळलेला फॉस्फरस वाढायला लागला, आणि तेही खताची विक्री घटत असताना! शेवटी ऑगस्ट २०१४ मध्ये ईरीकाठच्या टोलेडो शहरात शेवाळाचं विष पिण्याच्या पाण्यात सापडलं आणि जवळपास पाच लाख लोकांना दोन-तीन दिवस नळाचं पाणी तोंडाला लावता आलं नाही.

असं का झालं? एक कारण नाही. धूप थांबावी म्हणून लोकांनी नांगरट सोडली, विनानांगरट शेती आली, गाळ कमी झाला, छान. पण खत मात्र वरूनच फेकायची पद्धत राहिली. नांगरट नाही म्हणजे खत खाली मिसळत नाही, वरच्या चार-पाच सेंटीमीटरात फॉस्फरस साचत जातो, आणि पावसाचं पाणी ज्या थराला भिडतं तो नेमका हाच. त्यात ह्या भागात जमिनीखाली निचऱ्याचे पाइप घातलेले. ह्या पाइपच्या तोंडाशी बाटली धरली तर पाणी काचेसारखं स्वच्छ दिसतं, गाळाचा कण नाही, आणि लॅबमधून विरघळलेल्या फॉस्फरसचा आकडा येतो तो बघून विश्वास बसत नाही. भेगांमधून, गांडुळांच्या बिळांतून वरचं पाणी मातीला फारसं न शिवता थेट पाइपात उतरतं. वर वसंतातले पाऊस वाढले. एवढं सगळं एकत्र आलं.

विरघळलेला आणि गाळाला चिकटलेला यात फरक करायलाच हवा, कारण विरघळलेला शेवाळाला जवळजवळ पूर्ण मिळतो आणि गाळातला बराच कमी, पाव-एक तृतीयांश धरा. तुम्ही फक्त एकूण फॉस्फरस मोजत असाल तर तलावाला जे लागतंय तेच तुम्हाला दिसत नाहीये. म्हणूनच २०१६ मध्ये ईरीसाठी नवीन टार्गेट आलं तेव्हा दोन्ही वेगवेगळे दिले : मॉमी नदीतून मार्च ते जुलैमध्ये एकूण ८६० टन आणि विरघळलेला १८६ टन, म्हणजे २००८ च्या मानाने ४० टक्के घट.

आणि मग २०१९. त्या वसंतात इतका पाऊस झाला की ओहायोच्या त्या भागात शेतकऱ्यांना रानात ट्रॅक्टरच घालता आला नाही, खूप जमीन पेरणीविना राहिली, खतही पडलं नाही. निसर्गाने स्वतःच प्रयोग लावून दिला म्हणा ना. नदीला पाणी तुफान होतं, त्या पाण्याच्या हिशोबाने विरघळलेला फॉस्फरस जेवढा यायला हवा होता त्यापेक्षा तो स्पष्ट कमी आला. एकाच हंगामात! म्हणजे जुना साठा सगळा तसाच असतानाही त्या वर्षीचं खत न पडल्याचा परिणाम दिसला. शेवाळ तरी आलंच त्या वर्षी, मोठं आलं, कारण पाणीच इतकं. पण 'सगळं जुनंच आहे' हे म्हणणं यात टिकत नाही. नव्या खताची एक जलद वाट असते, विशेषतः खत टाकलं आणि लगेच पाऊस आला की, आणि जुन्या साठ्याची एक संथ वाट असते. तुमच्या नदीत दोन्ही मिसळून येतायत.

आता तुमच्या लोडच्या आकड्याकडे येतो. महिन्यातून एक सॅम्पल घेता म्हणालात. हे मला सगळ्यात कच्चं वाटतं, स्पष्टच सांगतो. लिटरला मिलिग्रॅम गुणिले सेकंदाला घनमीटर गुणिले ८६.४, की दिवसाचे किलो येतात. साधा दिवस घ्या : प्रवाह ५ घनमीटर, फॉस्फरस ०.०८, दिवसाला ३५ किलोसुद्धा नाही. पुराचा दिवस घ्या : प्रवाह १५०, फॉस्फरस ०.६, आले ७,७७६ किलो. पुराचा एक दिवस साध्या सव्वादोनशे दिवसांइतका! आणि महिन्यातून एकदा ठरलेल्या तारखेला जाणाऱ्या माणसाला पूर गाठ पडतो कधी? गाठ पडला तरी रस्ता बंद असतो. त्यामुळे तुमचा लोड खऱ्यापेक्षा कमी आलेला असण्याची शक्यता दाट आहे, आणि ज्या वर्षी योगायोगाने एखादा पूर सापडला त्या वर्षी तो उसळलेला दिसेल, म्हणजे तुमच्या 'थोडा वाढलाय' मध्ये निव्वळ नशिबाचा भाग किती हे सांगता येत नाही. मॉमी नदीवर १९७० च्या दशकापासून रोज सॅम्पल घेतलं जातं आणि पुरात दिवसाला तीन, म्हणून तिथल्या ट्रेंडवर विश्वास ठेवता येतो. तुम्हाला एवढं जमणार नाही, ठीक आहे, पण वर्षाची सॅम्पल तेवढीच ठेवून निम्मी पुरासाठी राखून ठेवा, पाणी चढताना आणि उतरताना दोन्हीकडे, कारण एकाच पातळीला चढतं पाणी आणि उतरतं पाणी यांच्यात फॉस्फरस सारखा नसतो. ऑटो-सॅम्पलर मिळाला तर सोन्याहून पिवळं.

सॅम्पलबद्दल दोन शब्द. विरघळलेला मोजायचा असेल तर ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून तिथंच नदीकाठी गाळा, लॅबला नेऊन नाही. गढूळ पाण्याची बाटली रात्रभर तशीच राहिली तर फॉस्फरस गाळावर जाऊन बसतो किंवा गाळातून सुटतो, कुठल्या दिशेला जाईल ते पाण्यावर अवलंबून, आणि सकाळी तुम्ही जे मोजता ते नदीचं नसतं, बाटलीचं असतं. पुराच्या पाण्यात फिल्टर दोन सिरिंजमध्ये चोंदतो, जास्तीचे ठेवा, जोर लावून ढकलू नका, फाटतो. बाटल्या साबणाने धुऊ नका, साबणात फॉस्फेट असू शकतो, आम्लाने धुवा. कंटाळवाणं आहे पण निम्मे विचित्र आकडे इथूनच येतात.

ट्रेंड काढताना लोडच्या आलेखाकडे आधी बघूच नका. लोड म्हणजे पाऊस, जास्त करून. वर्षाचा एकूण लोड भागिले वर्षाचं एकूण पाणी, हे प्रवाहाने भारित सरासरी प्रमाण काढा आणि ते वर्षागणिक मांडा. तुमच्या दहा वर्षांत शेवटची तीन-चार ओली असतील तर लोड वाढलेला आणि हे प्रमाण घटलेलं असं सहज निघू शकतं, आणि मग सगळी गोष्टच पालटते. पुढे जायचं असेल तर प्रवाहाचा परिणाम काढून टाकणाऱ्या पद्धती आहेत, अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षणवाल्यांची डब्ल्यूआरटीडीएस ही त्यातली चांगली, फुकट आहे, पण तिला लांब रेकॉर्ड लागतं, दहा वर्षांच्या महिनेवारी सॅम्पलवर ती ओढूनताणून चालवण्यात अर्थ नाही.

उपायांचं विचारलंय म्हणून. खत किती यापेक्षा कुठे आणि कधी हे लवकर फळ देतं. खत पेरून पाच-सात सेंटीमीटर खाली गेलं पाहिजे, मोठ्या पावसाचा अंदाज असेल तर थांबलं पाहिजे, गोठलेल्या किंवा चिंब जमिनीवर शेण-स्लरी पसरणं बंद, हा सगळा जलद वाटेचा बंदोबस्त. संथ वाटेला औषध एकच, ज्या शेतात माती परीक्षणात फॉस्फरस भरपूर निघतो तिथं तो टाकायचाच नाही आणि पिकाला वर्षानुवर्षं उचलू द्यायचं, पंधरा-वीस वर्षं सहज जातात. बरं, अशी शेतं सगळीकडे नसतात, गोठ्याजवळची असतात बहुतेक, कारण स्लरी लांब न्यायला परवडत नाही आणि ती नायट्रोजनच्या हिशोबाने टाकली की फॉस्फरस गरजेपेक्षा कितीतरी जास्त पडतो. पाणलोटाची सरासरी काढत बसू नका, ही शेतं शोधा, त्यातली ओढ्याला जोडलेली कुठली ते बघा. माती परीक्षणाला मातीही दोन थरांत घ्यायला सांगा, वरचे पाच सेंटीमीटर वेगळे, नाहीतर सरासरीत सगळं झाकलं जातं.

ओढ्याकाठच्या गवताच्या पट्ट्यांवर मी फार भिस्त ठेवत नाही. गाळ अडतो, चांगलंच आहे, पण निचऱ्याचा पाइप पट्ट्याच्या खालून जात असेल तर पट्ट्याला काही कळतच नाही, आणि वर्षानुवर्षं गाळ धरून पट्टाच भरला, गवत कापून बाहेर नेलं नाही, तर पुढे तोच विरघळलेला फॉस्फरस सोडायला लागतो. आच्छादन पिकांचंही (मुख्य पीक नसताना जमीन झाकायला घेतात ती) थोडं तसंच, थंड प्रदेशात ती गोठून फुटली की पानातला फॉस्फरस पाण्यात येतो. करू नका म्हणत नाहीये, एकूण फॉस्फरसबरोबर विरघळलेलाही मोजत राहा म्हणतोय.

तलावाच्या तळातल्या गाळातूनही उन्हाळ्यात, तळाचा ऑक्सिजन संपला की, लोहाला धरलेला फॉस्फरस सुटतो, हा वेगळाच विषय आहे. तुमच्या प्रश्नापुरतं एवढंच की नदीचा लोड घटला तरी तलाव काही वर्षं ऐकणार नाही, म्हणून नदीचं यश-अपयश तलावाच्या रंगावरून ठरवू नका, नदीवरच मोजा.

तर क्रम असा ठेवा. आधी युनिट आणि शेणखत दुरुस्त करून टक्के पुन्हा काढा, एका संध्याकाळचं काम आहे. मग दरवर्षीची शिल्लक आणि तिची बेरीज. मग प्रवाहाने भारित प्रमाण. हे तीन आलेख एकाखाली एक लावून बघा, त्यानंतरच पुढच्या पावसाळ्यात पुराची सॅम्पल कुठल्या उपनद्यांवर घ्यायची ते ठरवा. मुख्य नदीच्या मुखाशी एक आणि गोठ्यांची दाटी आहे त्या उपनदीवर एक, सुरुवातीला दोनच जागा पुरे. रोजच्या प्रवाहाचा डेटा असेल तर मुखाच्या जागी वर्षाचं निम्मं पाणी किती दिवसांत जातं ते आत्ताच काढता येईल, ते आलं की किती पूर पकडायला लागतील याचाही अंदाज येईल.